ब्रिटनमधल्या घराचा जुना बॉयलर बदलताना

इथे पहिलं घर विकत घेतलं की किल्ल्यांबरोबर एक बॉयलरही गळ्यात पडतो. आपल्यापैकी बहुतेकांचा तोवर गिझरपलीकडे कशाशी संबंध आलेला नसतो आणि भाड्याच्या घरात ती कटकट घरमालकाची असते. घराच्या सर्व्हे रिपोर्टमध्ये ‘बॉयलर जुना आहे, तपासून घ्यावा’ अशी एखादी ओळ असते. सामान हलवण्याच्या गडबडीत ती मागे पडते आणि मग जानेवारीतल्या एखाद्या सकाळी रेडिएटर गार लागतो.

हा लेख इंग्लंडमध्ये गॅसवर चालणारं सेंट्रल हीटिंग असलेल्या आणि हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या लोकांसाठी आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत, पण बाकीचं सगळं तिथेही लागू पडतं.

सगळ्यात आधी वेळेचं बोलू. बॉयलर बंद पडतो तो कडाक्याच्या थंडीत, कारण त्याच्यावर खरा ताण तेव्हाच येतो. घरात लहान मूल असतं, भारतातून आईबाबा आलेले असतात, बाहेर शून्य अंश असतं. अशा वेळी जो पहिला येईल आणि त्याच्या व्हॅनमध्ये जे असेल तेच बसवून घ्यावं लागतं. हेच काम मे ते सप्टेंबरमध्ये काढलं तर इंजिनिअरला वेळ असतो, तुम्हाला विचार करायला उसंत मिळते आणि दोन दिवस गरम पाणी नसलं तरी कुणाचं अडत नाही.

बदलायचाच आहे का, ते आधी ठरवा

विकणारे बिल निम्म्यावर येईल म्हणतात. स्वतः हिशेब करून बघा. समजा हीटिंग आणि गरम पाण्याला वर्षाला १४,००० युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, गॅस लागतो. जुना बॉयलर ७० टक्के कार्यक्षम असेल तर घराला प्रत्यक्षात ९,८०० युनिट उष्णता मिळते. ९० टक्क्यांच्या बॉयलरला तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे १०,९०० युनिट गॅस पुरेल. वाचले ३,१०० युनिट. युनिटला ६ पेन्स धरले तर वर्षाला साधारण १८५ पौंड. हाच हिशेब २००८ च्या, ८५ टक्क्यांच्या बॉयलरसाठी केला तर बचत जेमतेम ४५-५० पौंडांची निघते. बॉयलर बदलायला तर दोन-तीन हजार पौंड सहज लागतात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं : बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा (धुरातली वाया जाणारी उष्णताही वापरणारा) असेल, नीट चालत असेल आणि त्याचे पार्ट मिळत असतील, तर केवळ बिलासाठी तो काढू नका. पुढे सांगितलेली सेटिंग त्यावरच करा, बरीच बचत फुकटात होईल. बदलायचा तो जुना नॉन-कंडेन्सिंग बॉयलर, ज्याचे पार्ट मिळेनासे झालेत तो, ज्याचा हीट एक्स्चेंजर (जळत्या गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग) गेलाय तो, आणि इंजिनिअरने असुरक्षित ठरवलेला कोणताही.

कंडेन्सिंग आहे की नाही हे ओळखायला सोपं आहे. तळातून एक प्लास्टिकची बारीक नळी निघून सिंकच्या ड्रेनला किंवा बाहेरच्या गटाराला जात असेल तर तो कंडेन्सिंग. अशी नळी नसेल आणि भिंतीतून धातूचा फ्लू (धूर बाहेर नेणारा पाइप) बाहेर पडत असेल, तर बहुधा जुना प्रकार. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच असावा असा नियम झाला, त्यामुळे घरातल्या जुन्या कागदांवरची तारीखही उपयोगी पडते. १९६०-८० च्या दशकांतल्या काही घरांत बैठकीच्या खोलीतल्या गॅस फायरच्या मागे दडलेला ‘बॅक बॉयलर’ अजून सापडतो. तो असेल तर काम मोठं आहे आणि जुन्या फ्लूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे स्वतः काहीही उचकटायला जाऊ नका.

कार्यक्षमता नेमकी येते कुठून

एवढा भाग सावकाश वाचा, कारण सगळा पैसा इथेच वाचतो किंवा वाया जातो.

गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ती वाफ आपली उष्णता घेऊन तशीच फ्लूमधून बाहेर जाते. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ती आतच थंड होऊन तिचं पाणी होतं, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसं, आणि वाफेतली उष्णता घराच्या कामी येते. पण हे घडायला धूर साधारण ५५ अंशांच्या खाली यावा लागतो. त्याला थंड करतं ते रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी. हे पाणी ६० अंशांवर परत येत असेल, तर बॉयलरवर ९३ टक्क्यांचं लेबल असो वा ९४ चं, वाफेचं पाणी होत नाही आणि तुम्ही पैसे मोजलेली कार्यक्षमता पदरात पडत नाही. पाणी ४५ वर किंवा त्याखाली परत आलं की चांगला फायदा.

मी कितीतरी घरांत नवा कोरा बॉयलर ७५ अंशांवर चालताना बघितला आहे. बसवणाऱ्याने तो तसाच सोडलेला, घरच्यांना त्याचा पत्ता नाही. म्हणून नवा बॉयलर निवडताना एकच प्रश्न सतत मनात ठेवा : हा माझ्या घरात कमी तापमानावर, सावकाश, बराच वेळ चालू शकेल का?

कॉम्बी की टाकीवाला

कॉम्बीमध्ये साठवण नसते. नळ सोडला की पाणी तिथल्या तिथे तापतं. ‘सिस्टीम’ बॉयलर गरम पाणी एका सिलिंडरमध्ये साठवतो. ‘रेग्युलर’ बॉयलरला सिलिंडरबरोबरच लॉफ्टमध्ये टाक्याही लागतात. एक बाथरूम असलेल्या घराला कॉम्बी छान. जागा वाचते, तयार पाणी साठवून ठेवण्यात उष्णता वाया जात नाही.

पण कॉम्बी एका वेळी एकाच शॉवरला धड पाणी देतो. दोन बाथरूम, सकाळी आठची घाई, त्यात गणपतीला मुक्कामी आलेली मंडळी, असं तुमचं घर असेल तर सिलिंडर काढण्याआधी दहा वेळा विचार करा. पुढे कधी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) बसवायचा झाला तर सिलिंडर लागतोच, आणि एकदा त्या कपाटात चादरी-गाद्या गेल्या की ती जागा परत मिळत नाही.

कॉम्बी घेण्याआधी बादली घ्या. स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पूर्ण सोडा, एक मिनिट धरा आणि किती लिटर जमा झालं ते मोजा. २४ किलोवॉटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ३० चा सुमारे १२, आणि ३५ चा १४. हिवाळ्यात इथलं नळाचं पाणी पाच-सात अंशांवर असतं, म्हणजे ३५ अंशांची वाढ मिळाली की आंघोळीजोगं होतं. तुमच्या रस्त्यावरच्या पाइपातूनच मिनिटाला ९ लिटर येत असेल तर ३५ किलोवॉटच्या बॉयलरचे जास्तीचे पैसे कशाला भरायचे? आणि सध्याच्या शॉवरला पंप असेल तर तो कॉम्बीबरोबर चालत नाही, काढावा लागतो. हे आधी कळलेलं बरं.

आकार

घर उबदार ठेवायला किती किलोवॉट लागतात याचा अंदाज गॅसच्या मीटरवरून घेता येतो. शून्याच्या आसपास तापमान असलेल्या दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रीडिंग घ्या. मीटर घनमीटरमध्ये असेल तर फरकाला ११ ने गुणा, युनिट मिळतात. समजा १२० युनिट निघाले आणि जुना बॉयलर ७५ टक्क्यांचा आहे. घराला ९० युनिट मिळाले. भागिले २४ तास. म्हणजे सरासरी पावणेचार किलोवॉट! हीटिंग दिवसभर चालू नसतं आणि थंडी याहून वाढू शकते हे धरूनही साध्या सेमी-डिटॅच्ड घराला बहुधा सहा-आठ किलोवॉट पुरतात. तरी ‘दहा रेडिएटर आहेत ना, मग ३० चा घ्या’ असं सर्रास सांगितलं जातं.

कॉम्बीचे ते मोठे आकडे गरम पाण्यासाठी असतात, घर तापवायला नाही. म्हणून विचारायचा आकडा दुसराच : हीटिंगसाठी हा बॉयलर कमीत कमी किती किलोवॉटवर उतरतो? काही ३ किलोवॉटपर्यंत खाली येतात, काही ७-८ वर थांबतात. जो खाली उतरू शकत नाही तो सारखा पेटतो-विझतो. त्यात गॅसही जातो आणि यंत्रही लवकर झिजतं.

इंजिनिअर आणि कोटेशन

गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या माणसानेच करायचं, हा कायदा आहे. २००९ पासून हे रजिस्टर आहे, त्याआधी कॉर्गी होतं. अजूनही कुणी कॉर्गीचं नाव सांगून काम मागत असेल तर सावध व्हा. ओळखपत्र मागायला संकोच करू नका. मागची बाजू बघा : कोणत्या कामांची पात्रता आहे ते तिथे छापलेलं असतं आणि लायसन्स नंबर रजिस्टरच्या वेबसाइटवर पडताळता येतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी नाव सुचवलं असेल, तरी हे करायचंच.

निदान तीन कोटेशन घ्या आणि तिघांनाही घरी येऊन बघायला लावा. फोटोवरून किंमत सांगणाऱ्याला गॅसचा पाइप किती जाड आहे, मीटरपासून किती लांब आहे, हे कळत नाही. कॉम्बीला जास्त गॅस लागतो. जुना १५ मिलिमीटरचा पाइप काही वेळा २२ चा करावा लागतो आणि तो खर्च कामाच्या दिवशी अचानक पुढे येतो. चांगला इंजिनिअर खोल्या मोजतो, रेडिएटर बघतो, फ्लू कुठून निघेल ते ठरवतो. फ्लूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून साधारण ३०० मिलिमीटर तरी दूर लागतं. शेजाऱ्याच्या अंगणावर वाफेचा ढग जाणार नाही हेही बघायला हवं. फ्लॅट लीजहोल्डवर असेल तर भिंतीला नवं भोक पाडण्याआधी फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मालकाची, लेखी परवानगी घ्या.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून मागा :

- बॉयलरचं पूर्ण मॉडेल आणि वॉरंटी किती वर्षांची (७ ते १० वर्षांची सहज मिळते)
- सिस्टीम धुऊन काढणं, मॅग्नेटिक फिल्टर आणि इनहिबिटर (आतला गंज रोखणारं रसायन)
- कंट्रोल कोणता बसवणार
- कंडेन्सेटची (वाफेचं झालेलं पाणी वाहून नेणारी) नळी कुठून नेणार
- जुना बॉयलर आणि टाक्या कोण घेऊन जाणार
- २० टक्के व्हॅटसह एकूण रक्कम

कंट्रोलबद्दल थोडं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर चारपैकी एक गोष्ट सक्तीची आहे : वेदर कॉम्पेन्सेशन, लोड कॉम्पेन्सेशन (खोली किती तापायची राहिली आहे ते बघून पाण्याचं तापमान बदलणं), फ्लूमधली उष्णता परत मिळवणारं उपकरण, किंवा ऑटोमेशन असलेला स्मार्ट थर्मोस्टॅट. बहुतेक जण स्मार्ट थर्मोस्टॅट लावून मोकळे होतात. मी वेदर कॉम्पेन्सेशन मागेन. उत्तरेकडच्या भिंतीवर एक छोटा सेन्सर बसतो, बाहेर किती थंडी आहे ते बघून बॉयलर पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करतो. बाहेर १० अंश असताना ४० अंशांच्या पाण्यावरही घर उबदार राहू शकतं. थर्मोस्टॅट घ्यायचाच असेल तर त्याच कंपनीचा घ्या किंवा बॉयलरशी ओपनथर्मने (वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची एक सामाईक भाषा) बोलणारा घ्या. केवळ चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटमुळे बॉयलर हळू चालण्याची सोय वाया जाते.

आणि हो, कोटेशन घेताना एक हीट पंपाचंही घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून एअर सोर्स हीट पंपाला ७,५०० पौंड मिळतात. अर्ज तुमच्या वतीने एमसीएस (हीट पंपासारखी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणित करणारी योजना) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर करतो. त्यावर मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. गॅस बॉयलरला ही मदत नाही. बाहेर युनिट ठेवायला जागा, आत सिलिंडरला जागा आणि बऱ्यापैकी इन्सुलेशन असेल, तर दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून बघण्यासारखे असतात.

कामाचा दिवस

कॉम्बीच्या जागी कॉम्बी हे एका दिवसाचं काम. टाक्या काढून कॉम्बी बसवायचा तर दोन-तीन दिवस धरा. आदल्या रात्री बॉयलरभोवतीचं कपाट आणि लॉफ्टची वाट मोकळी करून ठेवा.

जुनी सिस्टीम रिकामी करताना एकदा जवळ जाऊन बघा. रेडिएटरमधून येणारं पाणी शाईसारखं काळं असतं, बोटावर घेतलं तर बारीक काळी पूड चिकटते. रेडिएटरचं लोखंड आतून गंजून तयार झालेला हा गाळ. तो न काढता नवा बॉयलर जोडला तर हाच गाळ त्याच्या हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांमध्ये जाऊन बसतो आणि मग कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणून फ्लशिंगला ‘चालेल, पुढे बघू’ म्हणू नका. मॅग्नेटिक फिल्टर परतीच्या पाइपावर बसवतात. वर्षाने तो उघडला की आतल्या चुंबकाला चिकटलेला काळा थर स्वतः बघता येतो.

लॉफ्टमधल्या टाकीवर चालणारी जुनी सिस्टीम आता दाबावर चालणार असेल, तर वर्षानुवर्षं नीट राहिलेला एखादा सांधा पहिल्या आठवड्यात ठिबकू शकतो. फरशीखालच्या पाइपांची अवस्था आणि नंतर गळती निघाली तर जबाबदारी कुणाची, हे आधीच बोलून घ्या.

पैसे देण्यापूर्वी इंजिनिअरबरोबर दहा मिनिटं उभे राहा. प्रेशर गेज थंड असताना १ ते १.५ बारच्या मध्ये असावा आणि तो कमी झाला तर पाणी कुठून भरायचं ते तुमच्या हाताने करून बघा. फ्लू गॅसचं रीडिंग घेतलं का, ते विचारा. बॉयलरच्या पुस्तिकेतली बेंचमार्क चेकलिस्ट (बसवताना काय काय तपासलं त्याची यादी) भरून सही झालेली हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला हवा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर बदलतानाही तो सक्तीचा आहे. या वायूला वास नसतो, त्यामुळे अलार्मशिवाय कळायला मार्ग नाही. गॅसचा वास आलाच तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

बसवल्यानंतरची सेटिंग

कॉम्बीवर साधारणपणे दोन तापमानं असतात : नळाचं चित्र ते वापराच्या पाण्याचं, रेडिएटरचं चित्र ते हीटिंगचं. रेडिएटरचं ५५ वर आणा. घर पूर्वीपेक्षा हळू तापेल, रेडिएटर हाताला चटका देणार नाही, ते बरोबरच आहे. हीटिंग अर्धा-एक तास आधी सुरू करा. अगदी थंडीच्या दिवशी घर तापत नसेल तर ६० करा. एकच खोली गार राहत असेल, तर सगळ्या घराचं पाणी तापवण्यापेक्षा त्या खोलीतला रेडिएटर मोठा करून घेणं परवडतं. हीटिंगच्या पाण्याचं तापमान असं कमी केल्याने गॅस सहा ते आठ टक्के वाचतो असा इथल्या हीटिंग उद्योगाचा अंदाज आहे.

दोन ठिकाणी जपून. सिलिंडर असेल तर त्यातलं पाणी लिजिओनेला जंतूंसाठी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, म्हणजे बॉयलरचं पाणी त्याहून वर लागतं. सिलिंडरला जास्त आणि रेडिएटरला कमी असं वेगळं तापमान देण्याची सोय बसवताना मागून घेता येते. आणि जुना नॉन-कंडेन्सिंग बॉयलर अजून चालवत असाल, तर त्याला ५५ वर आणू नका. आत पाणी धरून तो गंजतो.

पहिल्या कडक थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला तर घाबरू नका. बहुतेक वेळा बाहेरून जाणारी कंडेन्सेटची नळी गोठलेली असते. डिसेंबर २०१० मध्ये देशभर असंख्य बॉयलर याच कारणाने बंद पडले होते. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको, आणि बॉयलर रीसेट करा. बसवतानाच ती घरातल्या घरात ड्रेनला जोडून घेतली, किंवा बाहेरचा भाग आखूड, जाड आणि इन्सुलेशन गुंडाळलेला ठेवला, तर ही वेळ येत नाही.

कागदांचं शेवटी, पण टाळू नका. इंजिनिअरने ३० दिवसांत कामाची नोंद करायची असते. त्यानंतर बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र येतं. महिना-दीड महिन्यात ते आलं नाही तर फोन करून मागा, घर विकताना समोरचा सॉलिसिटर हेच विचारतो. वॉरंटीची नोंदणीही बहुतेक कंपन्या ३० दिवसांत मागतात, ती इंजिनिअरने केली का ते स्वतः तपासा. दरवर्षी सर्व्हिसिंग करून पुस्तिकेत नोंद झाली नाही तर दहा वर्षांची वॉरंटी पहिल्या वर्षातच संपू शकते. त्यासाठी ऑगस्ट महिना चांगला. इंजिनिअर सहज मिळतो आणि काही निघालं तर थंडी पडेपर्यंत दुरुस्त होतं.